पडक्या घराचा किराया



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या कपाटात दिवाणी दाव्यांच्या फाइली होत्या आणि त्यांतल्या पुष्कळ घरमालक-किरायादारांच्या होत्या. व्याख्यानमालांतून आपण मोठे विषय ऐकतो. राज्यघटना, मराठवाड्याचा अनुशेष, सिंचन. आज मी तुम्हाला दोन खोल्यांच्या घरात नेणार आहे. घर राहण्याजोगे उरले नाही, तर मालक किरायादाराचे काय देणे लागतो आणि किरायादार मालकाचे काय, एवढाच आजचा विषय.

आधी आपली घरे पाहू. परभणी, सेलू, पाथरी, मानवतच्या जुन्या पेठांत अजून माळवदाची घरे उभी आहेत. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात त्यासारखा गारवा नाही. पण मृगाआधी दरवर्षी ती माती चोपून घ्यावी लागते. ते काम जाणणारी माणसे आता मिळत नाहीत आणि मालक बहुधा पुण्याला नाहीतर संभाजीनगरला असतो. माती पाणी पीत राहते, वजन वाढत राहते आणि आतून वाळवीने खाल्लेली तुळई एखाद्या रात्री वाकते. नव्या वस्त्यांचे दुखणे वेगळे. आपली जमीन काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. वरवरच्या पायावर उभी केलेली भिंत या ओढाताणीत तिरकी तडकते. जी माती कापसाला चांगली, तीच घराच्या पायाला वाईट. त्यातच कृषी विद्यापीठामुळे आणि शिकवण्यांमुळे खेड्यांतली पोरे शहरात खोली करून राहतात. त्यांच्यासाठी बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांना पाया किती आहे, हे विचारायची सोय नसते.

मग पाणी. जायकवाडीतून विसर्ग वाढला की पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांचा जीव टांगणीला लागतो. ऑगस्ट २००६ चा गोदावरीचा पूर इथे बसलेल्या अनेकांनी पाहिला आहे. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी-हिंगोलीत पावसाने जे केले ते ताजेच आहे, आणि सप्टेंबर २०२५ ने त्यावर कडी केली. जमीनही अधूनमधून आठवण देते. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशी हिंगोलीकडच्या भूकंपाचे धक्के परभणीत जाणवले. दोन्ही वेळा तीव्रता ४.५ होती. तेवढ्यानेही मातीच्या भिंतींना चिरा जातात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत सुमारे ८ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक दगड-मातीच्या जड घरांखाली गेली, हे मराठवाड्याला नव्याने सांगायला नको.

अशा वेळी आपल्याकडे काय होते? घर पडते किंवा पडायला येते. किरायादार रातोरात सामान छोट्या टेम्पोत भरतो आणि मेहुण्याकडे, भावाकडे जाऊन राहतो. मालक येतो, कपाळाला हात लावतो. डिपॉझिटचा विषय कोणी काढत नाही, काढलाच तर ‘माझंच घर गेलं, तुला कुठून देऊ’ हे उत्तर ठरलेले. दोन्ही बाजूंना वाटते, भिंत पडली तसा व्यवहारही पडला. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. दोघांची कायद्याने येणारी देणीघेणी खरी त्या दिवसापासून सुरू होतात, आणि ती कोणाच्या बाजूने फिरणार हे घर पडण्याआधी कोणी काय लिहून ठेवले होते यावर ठरते.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपला आहे. निजामाचे राज्य गेले, १९५६ साली आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात, पण घरभाड्याच्या बाबतीत आपण कितीतरी वर्षे हैदराबादचेच राहिलो. हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा मराठवाड्यात चालू होता. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्राला १९४७ चा, विदर्भाला १९४९ चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा आदेश, आणि आपल्याला हा. एका राज्यात घरमालकाचे तीन कायदे. ते मोडून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आधी आपल्याकडे रेंट कंट्रोलरकडे जावे लागे, आता दिवाणी न्यायालयात. गंमत अशी की आजही गावाकडचा म्हातारा घरमालक ‘कंट्रोलरकडे अर्ज टाकतो’ अशी धमकी देतो. त्याला बिचाऱ्याला कोणी सांगितलेच नाही.

या कायद्याचे कलम १४ माझ्या मते परभणीच्या प्रत्येक किरायादाराला ठाऊक असले पाहिजे, आणि जवळजवळ कोणालाच नसते. घर चांगल्या आणि राहण्याजोग्या दुरुस्तीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, असे ते म्हणते. मालक ऐकत नसेल, तर किरायादाराने त्याला किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. एका वाड्यात चार बिऱ्हाडे असतील तर चौघांनी मिळून दिली तरी चालते. तरीही मालक हलला नाही तर दुरुस्ती स्वतः करून घ्यायची आणि खर्च किरायातून कापायचा. त्यासाठी ठेवलेला हिशेब आणि पावत्या मालकावर बंधनकारक राहतात. मर्यादा एक: एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या किरायाच्या चौथाईपेक्षा जास्त नको.

आता हिशेब मांडू. समजा, गंगाखेड रोडला एका कुटुंबाने महिना २ हजारांनी दोन खोल्या घेतल्या आहेत. वर्षाचे २४ हजार, त्याची चौथाई ६ हजार. एवढ्यात काही पत्रे बदलता येतील, मोरीची गळती थांबेल, दाराची चौकट बसेल. माळवद उतरवून नवे टाकता येणार नाही, तडकलेला स्लॅब सावरता येणार नाही. म्हणजे हे कलम लहान दुखण्याचे औषध आहे. मोठे दुखणे होऊ नये म्हणून लहानपणीच वापरायचे. आपण ते वापरत नाही आणि पाच वर्षांनी सगळा वाडा खाली येतो.

इथे मालकाची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकाच पक्षकाराचा वकील ठरेन. मुंबईच्या जुन्या चाळींचे मालक म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जे येते, तसा परभणीचा मालक नाही. तो निवृत्त कारकून आहे, नवऱ्याच्या मागे दोन खोल्यांच्या किरायावर घर चालवणारी बाई आहे, मोंढ्यात हमाली करून प्लॉट घेतलेला माणूस आहे. मुंबईत जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ उभे राहिले, त्यासाठी उपकर गोळा झाला, पुढे ते म्हाडात गेले. आपल्या जिल्ह्यात अशी कुठलीही झोळी नाही. दुरुस्तीचा सगळा भार ज्याच्या नावावर घर त्याच्यावर, मग त्याची ऐपत असो वा नसो. कायदा मालकाला ऐपत विचारत नाही. हे मला खटकते. पण त्याचे उत्तर किरायादाराच्या डोक्यावर स्लॅब टांगता ठेवणे हे नव्हे.

दुरुस्ती एवढी मोठी असेल की घर रिकामे केल्याशिवाय होणार नाही, तर मालक कलम १६ खाली ताबा मागू शकतो. पण हा ताबा तात्पुरता असतो. परत यायचे आहे का, हे न्यायालय किरायादाराला विचारते. तो हो म्हणाला की तसे हुकूमनाम्यात लिहिले जाते आणि काम झाल्यावर त्याला जुन्याच अटींवर जागा द्यावी लागते. इथे आपल्याकडे हमखास होणारी चूक सांगतो. मालक म्हणतो, ‘दोन महिन्यांसाठी जा, काम झालं की ये.’ किरायादार विश्वासाने जातो. ना हुकूमनामा, ना चिठ्ठी. दोन महिन्यांनी खोलीत नवा माणूस आणि किराया दुप्पट. मालकाला इमारत पाडून नवी बांधायची असेल तर त्याचे पोटकलम वेगळे. महापालिकेने किंवा नगरपालिकेने पाडण्याचा आदेश दिला तर तेही वेगळे. पण तोंडी ‘ये-जा’ या शब्दांना यांतल्या कुठल्याच कलमात जागा नाही.

आता खरा कठीण भाग. घर दुरुस्तीच्या पलीकडे गेले. पुरात बसले, भूकंपात खचले, जळाले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १०८ मध्ये याचे उत्तर आहे. आग, वादळ, पूर, सैन्याचा किंवा जमावाचा हिंसाचार किंवा तसेच अनिवार बळ यांमुळे जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला, किंवा ज्या कामासाठी दिली त्यासाठी ती कायमची निकामी झाली, तर भाडेपट्टा रद्द करायचा की नाही हे ठरवायचा हक्क किरायादाराचा. मालकाचा नव्हे. अर्थात नुकसान किरायादाराच्याच चुकीने झाले असेल तर हा हक्क नाही. सिलिंडरची नळी वर्षानुवर्षे न बदलल्यामुळे आग लागली, तर १८८२ चा कायदा त्याला वाचवणार नाही.

पण या हक्काला उलटी धारही आहे, आणि ती लोकांना कळत नाही. किरायादाराने ‘मी पट्टा रद्द करतो’ असे कळवलेच नाही, तर पट्टा चालू राहिला असे धरले जाऊ शकते आणि किरायाची थकबाकी अंगावर येऊ शकते. करार पार पाडणे अशक्य झाले की तो आपोआप संपतो हे करार कायद्याचे तत्त्व भाडेपट्ट्याला लागू पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच सांगून ठेवले आहे. तेव्हा घर सोडायचे असेल तर तसे लिहून कळवा. आणि सोडायचे नसेल, परत यायचे असेल, तर तेही लिहा.

परत कुठे यायचे, घरच नाही तर? या प्रश्नावर न्यायालयेही बराच काळ दोन मनांची होती. आधी केरळातल्या एका जळालेल्या दुकानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, दुकान संपले तशी भाडेदारीही संपली. २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, शहा रतनशी खिमजी यांच्या, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेदाराचा हक्क संपत नाही. इमारतीखालची जमीनही भाडेपट्ट्यात येते. म्हणजे रिकाम्या प्लॉटवर नवी इमारत उभी राहिली, तर जुन्या किरायादाराला बोलायला तोंड आहे. परभणीत प्लॉटचे भाव पाहता हा निकाल किती जणांची झोप उडवील, याचा अंदाज तुम्हीच करा. धोकादायक इमारतीचा फलक लावायची घाई कधीकधी पावसाची नसते, बिल्डरची असते.

हे सगळे भाडेदाराबद्दल झाले. पण आज शहरात ज्याला त्याला ११ महिन्यांचा करार हवा असतो. बहुतेक वेळा तो लिव्ह अँड लायसन्सचा असतो, म्हणजे फक्त राहण्याची परवानगी. तिला १८८२ चाच सुविधाधिकार (ईझमेंट) कायदा लागतो आणि तो सरळ सांगतो: जागा नष्ट झाली, किंवा परवानगीचा उपयोगच करता येणार नाही इतकी बदलली, की परवानगी रद्द झाली असे समजायचे. म्हणजे एकाच वाड्यात शेजारी शेजारी राहणारी दोन कुटुंबे, एकाच रात्री दोघांच्या भिंती पडल्या. तीस वर्षे पावतीवर राहणाऱ्याचा हक्क टिकला, आणि गेल्या जूनमध्ये ११ महिन्यांच्या कागदावर आलेल्याचा विषय त्याच रात्री संपला. डिपॉझिट मागण्याचा हक्क तेवढा दोघांनाही.

खेड्यात आणखी एक पेच. भाडे नियंत्रण कायदा सरसकट प्रत्येक गावाला लागू नाही, तो अनुसूचीतल्या क्षेत्रांना आहे. जिथे तो नाही तिथे १८८२ चा कायदा एकटा उरतो, आणि त्यात मालकाने दुरुस्ती केलीच पाहिजे असे बंधन नाही. करारात लिहिले असेल तरच. म्हणजे पालमच्या एखाद्या खेड्यात खोली घेऊन राहणाऱ्या शिक्षकाला कलम १४ चा आधार मिळेलच असे नाही. त्याने करार करताना एक ओळ जास्तीची लिहून घ्यावी. मात्र त्याच कायद्याने मालकावर दुसरे एक बंधन टाकले आहे. जागेतला मोठा दोष मालकाला ठाऊक आहे आणि किरायादाराला तो दिसण्यासारखा नाही, तर तो सांगितला पाहिजे. पिंगळगड नाल्याचे पाणी मागच्या भिंतीपर्यंत येते हे मालकाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते. मार्चमध्ये खोली पाहायला आलेल्या माणसाला ते कसे कळणार?

किराया थांबवावा का, हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. अमेरिकेत १९७० साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने जॅव्हिन्स खटल्यात ठरवले की घर राहण्याजोगे ठेवणे आणि किराया देणे ही एकमेकांवर अवलंबून असलेली देणी आहेत. घर तसे नसेल तर पूर्ण किराया मागता येणार नाही. इंग्लंडने २०१८ च्या कायद्याने मालकावर तसे बंधन घातले. आपल्याकडे इतका सरळ नियम नाही. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात मात्र तो आहे. पूर, आग, भूकंप यांनी घर राहण्याजोगे राहिले नाही, तर ते नीट होईपर्यंत मालकाने किराया घ्यायचा नाही. मालक दुरुस्ती नाकारत असेल तर किरायादाराने १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन निघून जायचे आणि डिपॉझिट परत घ्यायचे. हा कायदा केवळ नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच त्याला दात येतात. म्हणून आज मी किरायादाराला सांगतो, मनाने किराया बंद करू नका. थकबाकीची नोटीस आली तर ९० दिवस हातात असतात, आणि दावा दाखल झाला तर समन्सनंतर ९० दिवसांत १५ टक्के सरळ व्याजासह भरून तुम्ही घर वाचवू शकता, पण त्या वाटेला जाताच कशाला? दुरुस्तीचा खर्च चौथाईपर्यंत कापा, बाकी फोनवरून पाठवा आणि कशासाठी पाठवले ते तिथेच लिहा. मालक पावती देत नाही म्हणून रडणाऱ्यांना मोबाइलने फुकट पावती दिली आहे. खरे तर लेखी पावती देणे कलम २६ खाली मालकाचे कर्तव्यच आहे. करार लेखी करून नोंदवणे हेही कलम ५५ ने मालकावरच टाकले आहे. तो नोंदवला नसेल, तर अटींबाबत किरायादार म्हणेल ते धरले जाते. मालकांनो, हे नीट ऐका. नोंदणीचे पैसे वाचवणारा मालक आपल्याच विरुद्धचा पुरावा तयार करत असतो.

धोक्याचे घर सोडून गेलात आणि कुलूप लावलेत, तर सहा महिने वापर नाही या कारणावरूनही ताबा मागितला जाऊ शकतो. वाजवी कारण असेल तर तो मुद्दा टिकत नाही, पण ते कारण कागदावर हवे. भिंतीच्या चिरेचा फोटो तारखेसह, महापालिकेला दिलेल्या अर्जाची पोच, मालकाला रजिस्टर पोस्टाने पाठवलेले पत्र. २०११ साली परभणीची नगरपालिका महानगरपालिका झाली. त्यामुळे मोडकळीस आलेली इमारत दुरुस्त करायची, टेकू द्यायचा किंवा उतरवायची नोटीस आयुक्त देऊ शकतात. ३० वर्षांपुढच्या इमारतींची संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यायची तरतूदही महापालिका कायद्यात आहे. मोडकळीची नोटीस बहुधा मालकाच्या नावे येते आणि पुष्कळदा किरायादार ती दारावरून काढून टाकतो, कारण त्याला वाटते आपल्याला हाकलायचा डाव आहे. कधी असतोही. पण तो कागद फाडू नये. जीव गेला तर त्याच कागदावरून निष्काळजीपणाचा गुन्हा कोणावर, हे ठरेल.

शेवटी पंचनाम्याबद्दल, कारण तिथेच किरायादार सगळ्यात जास्त हरतो. पूर ओसरला की तलाठी येतो, शहरात पालिकेची माणसे येतात. घराच्या पडझडीची मदत घर ज्याच्या नावावर त्याला मिळते आणि ते बरोबरच आहे. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत सपाटीवरचे पक्के घर पूर्ण पडल्यास १ लाख २० हजार रुपये ठरवले होते. पण त्याच निकषांत आणखी दोन ओळी होत्या. घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिले, तर कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये. राज्य सरकार यात वेळोवेळी भर घालते. हे पैसे भिंतीचे नाहीत, भिंतीच्या आत राहणाऱ्यांचे आहेत. भिजलेल्या गाद्या, वाहून गेलेली भांडी मालकाची नसतात. तरीही पंचनाम्यात एकच नाव जाते, मालकाचे, आणि किरायादार त्या वेळी मेहुण्याच्या घरी असतो. मुस्लिम किंवा दलित कुटुंब असेल, एकटी बाई असेल, तर दुसरी खोली मिळवण्याच्या धावपळीत ते पंचनाम्याच्या दिवशी गावातच नसते. घर कोणाला द्यायचे हे आपल्या गल्ल्या कसे ठरवतात, ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा सामान हलवलेत तरी एक माणूस तिथे थांबू द्या. आपला जबाब लिहून घ्यायला सांगा, रेशनकार्ड आणि किराया पाठवल्याच्या नोंदी दाखवा, सही केल्याची प्रत मागा. मालकांना माझी विनंती आहे की त्या दिवशी किरायादाराचे नाव तुम्ही स्वतः घ्यावे. त्याने तुमच्या मदतीतला एक रुपयाही कमी होत नाही.

डिपॉझिट मिळाले नाही तर पैशाचा दावा करायला साधारण तीन वर्षे मिळतात. वकील परवडत नाही म्हणून दावा सोडणाऱ्यांसाठी एक माहिती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातले कलम १२ मोफत वकील कोणाला द्यायचा हे सांगते. त्यात महिला आहेत, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आहेत, आणि पूर, दुष्काळ, भूकंप यांच्या तडाख्यात सापडलेली माणसेही आहेत. परभणीच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. जाताना पंचनाम्याची प्रत, पोस्टाची पावती आणि मोबाइल घेऊन जा.